बाटल्यांमध्ये भरलेली कृष्णा

आम्ही अलिबागहून निघालो तेव्हा गाडीच्या डिकीत कपड्यांच्या दोन पिशव्या होत्या आणि मागच्या सीटवर दोन मोठ्या बर्फपेट्या. पेट्यांत बर्फ नव्हता, रिकाम्या बाटल्या होत्या. काही तपकिरी काचेच्या, काही पांढऱ्या प्लास्टिकच्या. प्रत्येक बाटली मी जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली होती. गाडी चालवत होत्या माझ्या नणंद कुंदाताई. वय चौसष्ट, शाळेतून निवृत्त. रस्त्यात खड्डा आला की त्या माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "वहिनी, बाटल्या बघा."

मी स्वतः एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. तिथं माझ्या हाताखाली काम शिकलेली गौरी आता पुण्यात संशोधन करते. नदीच्या पाण्यात माणसानं तयार केलेली रसायनं किती आणि कुठून येतात, हा तिचा विषय. वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णेचे नमुने घ्यायचे ठरले होते आणि ज्यानं जायचं तो तिचा सहकारी पाय मोडून घरी बसला. गौरीचा फोन आला. "मॅडम, मुदत संपत आलीय. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही. जाल का?"

निवृत्त झाल्यापासून मला कुणी काम सांगितलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

तिनं फोनवर नियम सांगितले ते मी वहीत लिहून घेतले. ती शोधत होती त्यातली काही रसायनं न चिकटणाऱ्या तव्यांत, पावसाळी कोटांत, चेहऱ्याच्या क्रीममध्येही असतात आणि वर्षानुवर्षं मोडत नाहीत. म्हणून नमुना घेणाऱ्यानं क्रीम लावायचं नाही, जलरोधक जाकीट घालायचं नाही, साध्या धुतलेल्या सुती कपड्यांत जायचं. बाटली भरली की बर्फात, आणि आठवड्याच्या आत पुण्यात. ऐकायला सोपं वाटलं. मार्गशीर्षातली थंडी होती आणि देशावर क्रीमवाचून हातांचं काय होतं ते आम्हा समुद्राकाठच्या बायकांना कुठं ठाऊक.

वाई

शिरवळला मिसळ खाल्ली. महामार्गालगतचे कारखाने ओळीनं मागे गेले आणि खंबाटकीचा घाट उतरून आम्ही दुपारी वाईत पोहोचलो. आमच्याकडे नदी म्हणजे पावसाळ्यात धावणारी आणि मग खाडीत शिरून खारट होणारी गोष्ट. गावाच्या मध्ये बसलेली, जिच्या पायऱ्यांवर लोक सकाळ-संध्याकाळ येऊन बसतात अशी नदी मी पहिल्यांदा पाहिली. घाटावर कुणी जप करत होतं, कुणी वर्तमानपत्र वाचत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही गणपतीच्या घाटावर उतरलो. मी पाण्याशी वाकले, बाटलीचं झाकण उघडलं आणि पाहिलं तर वरच्या अंगाला एक बाई कपडे धूत होती. साबणाचा फेस सरळ माझ्याकडे येत होता. मी जरा बाजूला सरकले, फेसही सरकला. त्या बाईनं हात थांबवला.

"काय करताय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं ओला शर्ट दगडावर ठेवला आणि म्हणाली, "मग थांबा थोडं. फेस जाऊ दे. मी थांबते."

दहा-बारा मिनिटं ती गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिली. पाणी निवळल्यावर मी बाटली भरली. मी आभार मानले तर तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. "कामावर जायचंय म्हणून घाईत होते," एवढं म्हणून तिनं पुन्हा शर्ट उचलला.

दुसरी बाटली मात्र वाया गेली. झाकण लावायला कुंदाताईंनी मदत केली आणि मला एकदम गुलाबाचा वास आला. मी त्यांच्या हाताकडे बघितलं.

"अहो, थोडंसंच लावलंय," त्या म्हणाल्या. "ओठ फुटले होते माझे."

बाटली रिकामी करून बाजूला ठेवली. क्रीमची डबी कुंदाताईंनी हॉटेलच्या मालकिणीला देऊन टाकली आणि दिवसभर माझ्याशी बेतानंच बोलल्या. संध्याकाळी साताऱ्यात कंदी पेढे खाल्ल्यावर आमचं जुळलं.

माहुली

साताऱ्याजवळ वेण्णा येऊन कृष्णेला मिळते तिथं आमचा पुढचा नमुना. संगमावर एक गुरुजी कुणाचा तरी विधी आटोपून सामान आवरत होते. त्यांनी बाटल्या पाहिल्या, हेतू विचारला आणि ते म्हणाले, "मी रोज इथल्या पाण्याचं आचमन करतो. पस्तीस वर्षं झाली. यात काय निघेल?"

"मला माहीत नाही," मी खरं ते सांगितलं.

"काही निघालं तरी मी आचमन सोडणार नाही," ते म्हणाले. "पण मला कळवा. आपण काय घेतोय ते माहीत असलेलं बरं." आणि त्यांनी फोन नंबर लिहून दिला. मला वाटलं होतं ते रागावतील. आजही त्यांचा चेहरा आठवला की मला माझ्या त्या भीतीची लाज वाटते.

ओढ्याच्या तोंडाशी

तिसरा दिवस. रहिमतपूरच्या अलीकडे कृष्णेच्या काठावर एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण गावानं मला जे दिलं त्याच्या बदल्यात त्याला बातमीत उभं करणं बरं नाही. गौरीनं नकाशावर खूण केली होती ती गावाबाहेर ओढा नदीला मिळतो त्या जागेची. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये गाडीवाट. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जात होते आणि कुठल्याशा गुऱ्हाळावरून काकवीचा वास येत होता.

ओढ्याचं पाणी मात्र चांगलं नव्हतं. चहाच्या चोथ्यासारखा रंग आणि नाकाला झोंबणारा वास. मी बाटली भरत असताना मागं मोटारसायकल थांबली. दोघं उतरले.

"ओ बाई, कुणी पाठवलंय तुमाला?"

मी सांगायला सुरुवात केली, पण त्यांना ऐकायचं नव्हतं. "गेल्या उन्हाळ्यात बी आलतं एक सायेब. मासं मेलं तवा. बाटल्या भरून नेल्या अन् पुन्हा तोंड दावलं न्हाई. तुमी कारखान्याच्या का?"

"आम्ही कुणाच्या नाही हो," कुंदाताई म्हणाल्या. त्यांचा शाळेतला आवाज बाहेर आला होता. "आम्ही अलिबागच्या."

"अलिबागहून पाणी न्यायला आला व्हय हितं?"

एवढ्यात उसाच्या बांधावरून एक उंच म्हातारे गृहस्थ आले. पांढऱ्या मिशा, डोक्याला मफलर, ताठ चाल. दोघंही बाजूला झाले. हे सुभेदार आनंदराव. तोफखान्यातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी गाव त्यांना सुभेदारच म्हणतं. त्यांनी माझी वही मागून घेतली, उभ्या उभ्या पूर्ण वाचली, बाटलीवरची चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "एकदम क्लिअर सांगा. निकाल आला की आमाला कळणार का?"

"कळणार."

"फोनवर न्हाई. तुमी स्वता येऊन सांगायचं. फोन कुणी बी उचलत न्हाई मागनं."

मी गौरीला न विचारताच येईन म्हणून सांगितलं. ते ऐकून सुभेदारांनी वही परत दिली आणि म्हणाले, "चला मग, जेवायला चला. अलिबागला माझा चुलतभाऊ नेव्हीत व्हता."

आमच्याकडे माणसाची ओळख आडनावावरून आणि गावदेवीवरून काढतात. या भागात ती पलटणीवरून निघते. जेवायला बसेपर्यंत कुंदाताईंच्या एका मावसभावाचं पोस्टिंग आणि सुभेदारांचं पोस्टिंग एकाच वर्षी पठाणकोटला होतं हे सिद्ध झालं होतं.

सुभेदारांच्या घरी त्यांच्या पत्नी हौसाबाई आणि लेक रूपाली. रूपालीला सातवा महिना, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. हौसाबाईंनी आम्हाला ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि वाघ्या घेवड्याची आमटी वाढली. घेवडा मी घरी कधीतरी करते. पण हा तोंडात ठेवताच विरघळणारा, आणि त्याची आमटी अशी दाट की तांदळाच्या भाकरीवर लहानाची मोठी झालेली मी तिसरी ज्वारीची भाकरी कधी संपवली ते कळलं नाही. वाढताना हौसाबाईंचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. त्या आत जाऊन कसल्याशा मलमाची ट्यूब घेऊन आल्या.

मी हात मागं घेतला. "आत्ता नको."

त्यांचा चेहरा उतरला. मला ते बरं वाटलं नाही, म्हणून मी सगळं कारण सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं बारीक कळतंय व्हय त्या मशीनला? हाताला लावलेलं बी?"

"कळतं."

"मग आमच्या हिरीचं बी पाणी न्या की. ही पोरगी तेच पिती."

सुभेदार म्हणाले, "ओढा शंभर पावलांवर हाय हिरीपासनं. वरल्या कारखान्यांचं समदं सांडपाणी त्यातनंच येतं. नक्की झिरपलं आसणार."

माझ्याकडे जास्तीच्या बाटल्यांची एकच जोडी उरली होती, एक काचेची, एक प्लास्टिकची. ती सांगलीच्या नमुन्याची पडताळणी करायला ठेवली होती. मी गौरीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घ्या, मॅडम. सांगलीला एकच घेऊ." तिच्या कामाला त्यानं जरा उणेपणा येणार होता, हे मला ठाऊक होतं, आणि तिला तर होतंच.

विहीर घरामागे होती. घडीव दगडाची, पाणी हिरवट निळं आणि चवीला गोड. चवीचं मी सांगते कारण जेवताना दोन तांबे प्याले होते.

सांगली

कराडच्या संगमावर आणि पुढं दोन ठिकाणी थांबून पाचव्या दिवशी आम्ही सांगलीत आलो. वाटेत एका धाब्यावर अख्खा मसूर खाल्ला. कुंदाताईंनी तिथल्या आचाऱ्याकडून कृती लिहून घेतली आणि घरी आल्यावर तीनदा करून पाहिली, पण तो तसा होत नाही. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, तिथं चिंचांच्या सावलीतून चालत जाऊन मी शेवटची बाटली भरली. तिथल्या पायरीवर बसून मला फार बरं वाटलं. काम पुरं झालं होतं. आता फक्त पुणं गाठायचं.

परतताना मिरज रस्त्यावर गाडीचा क्लच गेला. रविवार होता. ज्या मेकॅनिकला फोन लागला तो म्हणाला, सामान उद्या दुकान उघडल्यावर मिळेल. उतरायला लॉज मिळाला. पण सकाळी भरलेला बर्फ दुपारपर्यंत पाणी झाला होता, आणि लॉजच्या फ्रिजमध्ये आमची एक पेटीही मावत नव्हती. बर्फाचा कारखाना बंद. आइस्क्रीमवाल्यानं एक पिशवी दिली, ती तासाभराची सोय. पेटीचं झाकण उघडून मी आत हात घातला. पाणी गारसुद्धा राहिलं नव्हतं. वाईच्या त्या बाईनं थांबवलेला हात, गुरुजींचा फोन नंबर, रूपालीची विहीर, सगळं त्या पेटीत होतं आणि माझ्यासमोर बिघडत चाललं होतं. मी लॉजच्या पायरीवर बसले आणि मला रडू आलं.

लॉजच्या शेजारी भडंगाचं दुकान होतं. दुकानातल्या बाईंनी कुंदाताईंना विचारलं काय झालं म्हणून, आणि ऐकल्यावर म्हणाल्या, "अहो, मग बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला ठेवा की. माझे दीर तिथं आहेत."

या भागात द्राक्षं वाळवून बेदाणा करतात आणि तो वर्षभर मोठमोठ्या शीतगृहांत ठेवतात, हे मला तेव्हा समजलं. त्यांच्या दिरांचं नाव महादेवराव. त्यांची स्वतःचीही द्राक्षबाग होती. रिक्षात पेट्या घालून आम्ही तिथं गेलो तर ते दारातच उभे होते.

"आत काय हाय ते आधी सांगा," ते म्हणाले. "हितं लोकांचा खायाचा माल हाय."

"नदीचं पाणी."

"औषध घातलंय त्यात?"

"आम्ही नाही घातलेलं. आहे का, तेच शोधायचंय."

ते हसले, पण पेट्यांना हात लावेनात. मी बाटल्यांची झाकणं दाखवली, चिठ्ठ्या दाखवल्या. कुठल्या रसायनांची तपासणी आहे ते सांगितलं, तेव्हा त्यांनी चार-पाच शेतीऔषधांची नावं घडाघड घेतली. मी चकित झाले.

"आमाला पाठ आसतंय ताई," ते म्हणाले. "युरोपला द्राक्ष पाठवायचं म्हंजे रेसिड्यूची तपासणी. एका औषधाचा अंश जास्त निघाला की कंटेनर परत. माल तोडायच्या आधी आमाला झोप लागत न्हाई." मग म्हणाले, "तिकडची पोरं खाणार म्हणून द्राक्ष तपासत्यात. हितली पोरं पाणी पित्यात ते कोण तपासतंय?"

त्यांनी माल ठेवायच्या दालनात पेट्या नेल्या नाहीत; बाहेरच्या गार खोलीत फळीवर जागा करून दिली आणि वर कागद चिकटवला: 'पाणी. हात लावू नये.' रात्रपाळीच्या माणसाला फोन करून त्यांनी तीच सूचना दोनदा दिली. दुसऱ्या दिवशी गाडी दुरुस्त झाल्यावर आम्ही पेट्या घ्यायला गेलो तर आतलं तापमान त्यांनी सकाळ-संध्याकाळ पाहून चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. गौरी ती चिठ्ठी बघून इतकी खूश झाली की तिनं ती कामाच्या कागदांत लावून टाकली.

पुन्हा त्या गावात

महिना-सव्वा महिन्यानं गौरीचा फोन आला. वाईला फारसं काही नव्हतं. खाली येत जाईल तसं शेतीच्या औषधांचं प्रमाण वाढत होतं, आणि सांगलीजवळ त्या न मोडणाऱ्या रसायनांचाही माग लागला होता. माहुलीच्या गुरुजींना मी त्याच दिवशी कळवलं. ओढ्याच्या बाटलीत कारखानदारीतूनच येतील अशी दोन-तीन द्रव्यं सापडली. कोणत्या कारखान्यातून, ते बाटलीवरून सांगता येत नव्हतं.

"आणि विहीर?" मी विचारलं.

"ओढ्यातली ती कारखान्याची द्रव्यं विहिरीत नाहीत, मॅडम," ती म्हणाली. "विहिरीत उसावर मारायचं तणनाशक आहे. आणि आणखी एक औषध. ओढ्यापेक्षा विहिरीत जास्त आहे. पिऊ नका म्हणावं, विशेषतः त्या मुलीनं."

पाणी पिऊ नका एवढं मी लगेच फोन करून सांगितलं. बाकीचं सांगायला येते म्हटलं. दुसऱ्या दिवशी कुंदाताईंनी गाडी काढली. वाटेत मी सात-आठ वेळा वाक्यं जुळवली. ज्या घरात मी तिसरी भाकरी मागून खाल्ली तिथं जाऊन 'हे तुमच्याच शेतातलं आहे' म्हणायचं होतं.

सुभेदार अंगणातच वाट बघत होते. चहा झाला. मी गौरीनं पाठवलेले निकालाचे दोन्ही कागद पुढं ठेवले आणि एका दमात सांगून टाकलं. सुभेदारांनी ओढ्याचा कागद दोनदा वाचला, विहिरीचा एकदा. रूपाली भिंतीला टेकून उभी होती. हौसाबाई उठून मागल्या दारी गेल्या, आणि परत आल्या तेव्हा उंबऱ्यातच बसल्या.

"फवारायचा पंप मीच धुते," त्या म्हणाल्या. "हिरीच्या कट्ट्यावर. तितंच पाणी सोपं पडतं. दर बारीला तितंच धुते. डबं बी तितंच विसळते."

"तुला कुणी सांगितलं न्हाई," सुभेदार म्हणाले.

"मी इचारलं बी न्हाई."

रूपाली आईजवळ जाऊन बसली. मी नजर कुठं ठेवावी ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळात गाव जमणार होतं. ओढ्याच्या निकालासह सरकारकडे अर्ज द्यायचा होता. सुभेदारांनी मला बाजूला बोलावलं. "ताई, उद्या ओढ्याचंच वाचू. हिरीचं मागनं बघू. न्हाईतर कारखानेवालं म्हणतील, तुमीच घाण करताय अन् आमच्यावर घालताय."

त्यांचं चूक होतं असं मला म्हणवेना. वर्षभर ते या अर्जासाठी झटत होते. मेलेले मासे त्यांनी स्वतः पोत्यात भरून पुरले होते. मी म्हटलं, "कागद तुमचे आहेत. काय वाचायचं ते तुम्ही ठरवा." आणि म्हणताना मला वाटत होतं, आपण पळ काढतोय.

सकाळी देवळात पन्नासेक माणसं होती, बायका मागं कट्ट्याशी. मोटारसायकलवरचे ते दोघंही होते. त्यांनी मला बसायला जागा करून दिली. सुभेदारांनी ओढ्याचा कागद खणखणीत आवाजात वाचला. माणसं माना डोलवत होती. त्यांनी कागदाची घडी घातली आणि अर्ज वाचायला घेतला.

"थांबा," मागून आवाज आला. हौसाबाई उभ्या होत्या. "कागद दोन हायत. दुसरा बी वाचा."

सुभेदार थांबले. बायकोकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला आणि तसाच ताठ उभं राहून तोही वाचला, पहिल्याइतक्याच मोठ्यानं. वाचून झाल्यावर हौसाबाईंनी पंप कुठं धुतात ते सांगितलं. काही लपवलं नाही.

एक जण उठला. "वहिनी, आता कारखानेवाल्यांना आयतंच मिळालं की."

"मिळू दे," हौसाबाई म्हणाल्या. "त्यांचं त्यांनी बंद करावं, ते आपुन मागणारच हाय. पर माझी लेक कारखान्यात पाणी पीत न्हाई. माझ्या घरात पिती."

नंतर बरीच चर्चा झाली. अर्ज दोन्ही कागद जोडून गेला आणि पंप धुवायला विहिरी आणि ओढ्यापासून लांब, पडीक जागेत सोय करायचं ठरलं. गावच्या नळाच्या पाण्याचीही बाटली मी त्याच दिवशी भरली. विहिरीचं पाणी नको म्हणून रूपालीला एप्रिलपर्यंत तिच्या पुण्याच्या नणंदेकडे ठेवायचं ठरलं होतं ते तिनं मोडून काढलं; नळाच्या पाण्याचा निकाल चांगला आला आणि ती आईपाशीच राहिली. तिला मुलगी झाल्याचं मला फोनवर सांगताना सुभेदारांचा आवाज जरा फुटला होता. पण ते सगळं पुढचं.

त्या सकाळी देवळातून बाहेर पडून आम्ही निघण्याच्या बेतात होतो. कुंदाताई गाडीत बसल्यासुद्धा होत्या. पाहिलं तर बायका येत होत्या. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात कळशी, कुणाकडे थंड पेयाची जुनी बाटली. प्रत्येकीच्या हातात आपापल्या विहिरीचं पाणी. असं पाणी तपासणीला चालत नाही हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कुंदाताईंनी माझ्याकडे बघितलं, गाडी बंद केली आणि खाली उतरल्या.

मग मी ओट्यावर बसून वही काढली. गौरीकडून बाटल्या मागवू, कशा भरायच्या ते शिकवू, तोवर कुणाची विहीर कुठं आहे ते लिहून घेऊ, असं सांगितलं. पहिली बाई पुढं आली. पदरानं तिनं कळशीचं तोंड झाकलं होतं.

"नाव कुणाचं घालू?" मी विचारलं. "विहीर कुणाच्या नावावर आहे?"

"हीर मालकांच्या नावावर हाय," ती म्हणाली. "पर पाणी मी भरते. माझंच नाव घाला."